सोंगाड्याच्या जागेवर बाई

दौंड आणि शिरूर तालुक्यांत गावच्या यात्रेला येणारा ढोलकीफडाचा तमाशा ही मराठी विनोदी नटाची सर्वांत मोठी शाळा होती. त्या शाळेत कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असे : नाच, लावणी आणि अदा बायकांनी करायची, हसवायचे पुरुषांनी. दूरचित्रवाणीवर आज विनोदी अभिनेत्री म्हणून ज्या स्त्रिया ओळखल्या जातात, त्यांच्या व्यवसायाचा इतिहास म्हणजे ही वाटणी हळूहळू कशी मोडत गेली त्याचा इतिहास आहे. ती अजून पुरती मोडलेली नाही.

यात्रेचा क्रम या पट्ट्यात फारसा बदललेला नाही. दिवसा देवाचे नवस आणि नैवेद्य, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, रात्री छबिना आणि मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाची ‘हजेरी’. पाडव्याच्या सुमारास गावकारभारी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जातात. तिथे फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात. तारीख, बिदागी आणि फडात बायका किती, याची बोलणी होऊन सुपारी दिली जाते. सोंगाडी कोण, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असे, कारण पहाटेपर्यंत चालणारा वग पेलून धरण्याची जबाबदारी त्याची. दौंड हे पुणे, सोलापूर आणि मनमाड या तिन्ही बाजूंच्या लोहमार्गांचे जंक्शन असल्याने या भागातल्या कलावंतांना आणि प्रेक्षकांना पुण्या-मुंबईच्या तमाशा थिएटरांची वाट जवळची होती. पुण्यातले आर्यभूषण थिएटर आणि लालबागचे हनुमान थिएटर ही त्या वाटेवरची ठरलेली ठिकाणे.

विनोदाची मुख्य जागा गवळणीत. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण मागतात, आणि त्यांच्याशी हुज्जत घालायला मावशी पुढे होते. ही मावशी म्हणजे बाप्याच. डोक्यावरून घेतलेला पदर दातांत धरून, कमरेवर हात ठेवून ती पेंद्याचा पाणउतारा करते. गवळणी मागे ओळीने उभ्या असतात. त्या हसतात, लाजतात, ठेका धरतात. पण प्रेक्षकांतून उसळणारा हशा मावशीचा आणि पेंद्याचा असतो. पुढे बतावणी येते. तिथे सोंगाडी आणि त्याचा जोडीदार गावच्या पाटलापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांची फिरकी घेतात. बतावणीला लिखित संहिता नसते. कालच्या गावात जे बोलले ते आजच्या गावात जसेच्या तसे चालत नाही.

स्त्रिया तमाशात उशिरा आल्या. आधी ‘नाच्या पोऱ्या’ नाचत असे. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा हिवरगावकर ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली नामांकित स्त्री मानली जाते. तिच्यानंतर स्त्रियांची रांग लागली, तरी हसवण्याची जागा त्यांना मिळाली नाही. याचे कारण कर्तबगारीच्या अभावात शोधण्यात अर्थ नाही. कांताबाई सातारकर यांनी वगात शिवाजी महाराजांसारख्या पुरुष भूमिका गाजवल्या आणि विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःचा फड चालवला. बाई राजा होऊ शकत होती, फडाची मालकीण होऊ शकत होती. विदूषक मात्र होऊ शकत नव्हती. सोंगाड्याला पाटलाची टिंगल करण्याची मुभा असते, कारण खाली उतरल्यावर तो पुन्हा गावचा पाहुणा होतो. नाचणाऱ्या बाईला ही परतीची वाट समाजाने ठेवलेली नव्हती. शिवाय जिच्याकडे पाहायला लोकांनी पैसे मोजले, तिने स्वतःला हास्यास्पद करून घ्यावे, हे फडमालकाला परवडणारे नव्हते. याच भागातल्या चौफुल्याची कलाकेंद्रे संगीतबारीच्या परंपरेतली. तिथे बैठकीची लावणी मुख्य, त्यामुळे हसवण्याचा प्रश्नच फारसा येत नव्हता.

अपवाद होता तो हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगाचा. त्यातली गंगी ही सावळ्या कुंभाराची बायको. दादू इंदुरीकर सावळ्या होत आणि प्रभा शिवणेकर गंगी. नवरा स्वप्नात रंगलेला आणि बायको त्याला पदोपदी जमिनीवर आणणारी, अशी ही जोडी आहे. गंगी नाचतेही आणि सावळ्याच्या तोंडाला तोंडही देते. पुढे प्रकाश इनामदार आणि जयमाला इनामदार यांनी हा वग शहरी प्रेक्षकांपर्यंत नेला. मराठी विनोदी अभिनेत्रीचे मूळ कुणी शोधू लागले तर ते नाट्यगृहांपेक्षा या गंगीपाशी जास्त ठामपणे सापडते. सावळ्याचे लांबलचक बोलणे चालू असताना योग्य क्षणी एकच शब्द टाकून हशा आपल्याकडे ओढून घेणे, ही तिची कला. दूरचित्रवाणीवरच्या बहुतेक यशस्वी जोड्यांत आजही बाईकडे हेच काम असते.

तमाशासाठी लिहिणाऱ्यांची या भागात मोठी परंपरा आहे. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाई या गावचे बी. के. मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांना वगनाट्ये, लावण्या आणि गण-गवळणी लिहून दिल्या. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. लेखणी पुरुषांच्या हातात आणि बोर्डावर बायका, ही रचना मात्र त्यांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली.

पांढरपेशा रंगभूमीची गोष्ट निराळी दिसते, पण फार निराळी नाही. संगीत नाटकांत बायकांच्या भूमिका पुरुष करत. ती प्रथा संपल्यावर स्त्रिया नायिका झाल्या, आई झाल्या, पण प्रहसनात त्यांच्या वाट्याला भांडखोर बायको किंवा बहिरी आत्या यापलीकडे फारसे आले नाही. १९८५ साली ‘सुयोग’ने आचार्य अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’ पुन्हा रंगमंचावर आणले आणि विजय चव्हाण यांनी त्यातली मावशी अशी गाजवली, की लुगडे नेसलेला पुरुष हेच मराठी विनोदाचे हुकमी पान ठरले. तोवर गवळणीतल्या मावशीचे वय शेकडो प्रयोगांचे झाले होते. दादा कोंडके यांच्या चित्रपटांत विनोद दादांचा, आणि त्याला धार लावायला समोर ‘आये’ झालेल्या रत्नमाला किंवा नायिका उषा चव्हाण. तिथेही हशाचा शेवटचा हक्क दादांकडेच असे.

या सगळ्यात १९७५ चे ‘ती फुलराणी’ वेगळे पडते. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेल्या या नाटकातली मंजुळा भक्ती बर्वे यांनी साकारली. मंजुळेवर लोक हसतात आणि पुढे मंजुळाच लोकांवर हसते. मराठी रंगमंचावर एका स्त्रीने पूर्ण नाटकभर विनोदाची सूत्रे हाती ठेवण्याचे हे ठळक उदाहरण. भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिकाही होत्या. दिवसा बातम्यांचा गंभीर चेहरा आणि रात्री मंजुळेचा थयथयाट, हा योगायोग नव्या माध्यमाच्या सुरुवातीचे चित्र बरेच स्पष्ट करतो. माणसे थोडी होती, आणि रंगभूमीवरचीच होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या बाजूला, उंच बांबूवर अँटेना चढवून ती सिंहगडाच्या दिशेला फिरवत बसण्याचे दिवस त्यानंतरचे. या काळातला पडदा गावाला तमाशाहून एका बाबतीत पूर्ण वेगळा होता. तमाशाला घरच्या बायका जात नसत, किंवा गेल्या तरी लांबून पाहत. टीव्ही मात्र घरात आला आणि आया-बहिणी त्याच्या समोर बसल्या. विनोद कुणासमोर होतो यावर तो कुणाविषयी होतो हे बरेच ठरते. फडावरचा द्व्यर्थी संवाद घरात चालणार नव्हता. त्याच्या जागी घरच लागणार होते : स्वयंपाकघर, उसनी साखर, महिन्याची अखेर, सासूचे दुखणे. अशा घरात बाईशिवाय पान हलत नाही, आणि लुगडे नेसलेल्या पुरुषाला ते घर वीस-पंचवीस भाग चालवता येत नाही.

‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका याच कारणाने महत्त्वाची. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ही मालिका १९७७ ते १९७९ या काळात मुंबई दूरदर्शनने दाखवली. निर्मितीची बाजू याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांच्याकडे होती. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ लोकांच्या तोंडी राहिला. चिमणरावांची पत्नी कावेरी, म्हणजे काऊ, स्मिता पावसकर यांनी केली. काऊ विनोद करत नाही. चिमणरावांच्या प्रत्येक फजितीनंतर कॅमेरा तिच्याकडे वळतो आणि तिच्या चेहऱ्यावरची हतबल माया पाहून हसू फुटते. नाट्यगृहात हे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलेच नसते. भुवई उंचावण्याइतका लहान अभिनयही विनोदाला पुरतो, ही दूरचित्रवाणीची देणगी, आणि तिचा सर्वाधिक फायदा पुढे स्त्री कलावंतांना झाला. निर्मितीच्या खुर्चीत त्या वेळीच एक स्त्री होती, हेही नोंदवण्यासारखे आहे.

१९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले आणि राष्ट्रीय कार्यक्रमामुळे हिंदी मालिका खेड्यांपर्यंत पोहोचल्या. मराठी अभिनेत्रींचा विनोद यानंतरची पंधरा वर्षे मुख्यतः हिंदीत बहरला. १९८५ ची ‘रजनी’ प्रिया तेंडुलकर यांनी केली. ती विनोदी मालिका नव्हती, तरी बाईच्या फटकळपणाला टाळ्या मिळू शकतात हे तिने दाखवून दिले. १९८८ च्या ‘वागले की दुनिया’त भारती आचरेकर यांची राधिका वागले आली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाची ही बायको काऊच्या पुढचे पाऊल आहे. ती नवऱ्याला समजावते, टोमणेही मारते, पण त्याला कधी लहान करत नाही. १९९३ च्या ‘जबान संभालके’मध्ये शुभा खोटे होत्या. १९५५ च्या ‘सीमा’पासून हिंदी चित्रपटांत, आणि पुढे मेहमूदबरोबरच्या जोडीत, त्यांनी केलेले काम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.  त्यांची मुलगी भावना बलसावर हिने त्याच वर्षीच्या ‘देख भाई देख’मध्ये काम केले. विनोदी अभिनय आईकडून मुलीकडे गेल्याची आणखी एक जोडी त्याच दशकात समोर आली.

ती जोडी म्हणजे मंदाकिनी भडभडे आणि त्यांची मुलगी नयन. ही मुलगी पुढे रीमा लागू या नावाने ओळखली गेली. मंदाकिनीबाई मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. ‘लेकुरे उदंड जाली’ या नाटकासाठी त्यांचे नाव घेतले जाते. नयनचा जन्म २१ जून १९५८ चा. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत झाले. लहानपणीच तिने चित्रपटांत कामे केली. शिक्षणानंतर तिने युनियन बँकेत नोकरी धरली आणि ती सांभाळून नाटके केली. त्या पिढीच्या मराठी नटांमध्ये बँकेची नोकरी ही जवळजवळ परंपराच होती. पगाराची खात्री असली की व्यावसायिक नाटकात भूमिका निवडून करता येत. अभिनेते विवेक लागू यांच्याशी विवाह झाल्यावर तिने रीमा लागू हे नाव घेतले. जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’मधली अंबिका आणि शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’तली नायिका या तिच्या रंगभूमीवरच्या गाजलेल्या भूमिका. दोन्ही विलक्षण ताणाच्या, आणि दोहोंत विनोदाला जागा नाही.

हिंदी चित्रपटाने तिला आई केले. १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ आणि १९८९ चा ‘मैंने प्यार किया’ यानंतर ती पडद्यावरची ठरलेली आई झाली. ‘मैंने प्यार किया’च्या वेळी ती एकतिशीची होती आणि पडद्यावरचा मुलगा सलमान खान तिच्याहून सात वर्षांनी लहान. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये तर मुलगा झालेला संजय दत्त जेमतेम एक वर्षाने धाकटा होता. हिंदी चित्रपटाने तिच्याशी केलेला हा व्यवहार फायद्याचा असला तरी उदार नव्हता. अश्रूंचा साठा तेवढा तिच्याकडून घेतला गेला. तिची खरी रेंज पाहायला दूरदर्शनच लावावे लागे.

१९९४ हे वर्ष त्या दृष्टीने निर्णायक आहे. त्या वर्षी ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन मालिका सुरू झाल्या आणि दोन्हींत रीमा लागू होत्या. ‘श्रीमान श्रीमती’ अधिकारी बंधूंची, दिग्दर्शन राजन वाघधरे यांचे. केशव कुलकर्णी झालेले जतीन कनाकिया, त्यांची पत्नी कोकिला ऊर्फ कोकी झालेल्या रीमा, शेजारचा दिलरुबा म्हणजे राकेश बेदी आणि त्याची नटी बायको प्रेमा म्हणजे अर्चना पूरणसिंग. केशव प्रेमावर लट्टू आणि दिलरुबा कोकीवर, एवढ्याच भांडवलावर ही मालिका चालली. कोकी नोकरी करणारी बाई आहे आणि दिलरुबा घर सांभाळणारा पुरुष. नव्वदच्या दशकात, गावोगावी पाहिल्या जाणाऱ्या वाहिनीवर, हा उलटा संसार कुणालाही न खुपता खपून गेला, कारण तो हसत हसत आला. कोकीच्या भूमिकेत रीमा लागूंनी आवाज चढवण्याचा सोपा मार्ग टाळला. केशवचा खोटेपणा पकडल्यावर त्या ओरडत नसत. दोन क्षण गप्प राहून अगदी गोड आवाजात पुढचा प्रश्न विचारत. केशवला घाम फुटे तो त्या गोडव्याने.

‘तू तू मैं मैं’चा बाज अगदी उलट. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सासू देवकी झालेल्या रीमा लागू, सून राधा झालेल्या सुप्रिया पिळगावकर आणि सासरे झालेले कुलदीप पवार. निर्माते-कलावंतांचा हा गोतावळा मराठी, घर मध्यमवर्गीय, भाषा तेवढी हिंदी. इथे रीमा लागूंनी सगळे सोडून दिले : पदर खोचणे, कपाळावर हात मारणे, मूर्च्छेचे नाटक, मुलासमोर रडवेला चेहरा आणि तो वळताच सुनेकडे विजयी कटाक्ष. सासू आणि सून यांच्यात खऱ्या आयुष्यात अंतर होते नऊ वर्षांचे. कदाचित त्यामुळेच दोघींची जुगलबंदी सारख्या वजनाची वाटते. सासू-सुनेचे भांडण हा ओव्यांपासून चालत आलेला विषय, आणि तोवरच्या पडद्यावर सासू म्हणजे बहुधा छळणारी बाई. देवकी छळत नाही, स्पर्धा करते. दोन बायका एकमेकींवर कुरघोडी करतात आणि घरातले पुरुष कडेला उभे राहून कुणाची बाजू घ्यावी या विवंचनेत असतात. सावळ्याला गंगीची जेवढी गरज होती, तेवढीही इथे या दोघींना पुरुषाची गरज नाही. भारतीय दूरचित्रवाणीवर विनोदाची पूर्ण मालकी दोन स्त्रियांकडे जाण्याचे इतके ठसठशीत उदाहरण त्याआधीचे सापडत नाही.

ही मालिका आधी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर होती. मेट्रोचे अँटेनावरचे प्रक्षेपण मुख्यतः मोठ्या शहरांपुरते होते. पुढे ती स्टार प्लसवर गेली आणि २००० पर्यंत चालली. तालुक्याच्या गावांत ती केबलबरोबर पोहोचली. केबलवाल्याची डिश, पोलांवरून लोंबणाऱ्या वायरी आणि महिन्याचे पैसे गोळा करायला येणारा पोऱ्या, हे तेव्हाच्या दौंडसारख्या गावांतले नेहमीचे दृश्य. २००० नंतर स्टार प्लसनेच कौटुंबिक अश्रुमालिकांची लाट आणली आणि हसरी सासू पडद्यावरून दिसेनाशी झाली. रीमा लागू नंतरही काम करत राहिल्या. २०१३ मध्ये झी मराठीच्या ‘तुजं माजं जमेना’त त्या पुन्हा हलक्याफुलक्या भूमिकेत आल्या. अखेरच्या काळात त्या ‘नामकरण’ या हिंदी मालिकेत खलप्रवृत्तीची आजी करत होत्या. तिचे चित्रीकरण चालू असतानाच्या काळात, १८ मे २०१७ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते ५८. त्यांची मुलगी मृण्मयी लेखनाकडे वळली. २०२० च्या ‘थप्पड’ या चित्रपटाच्या लेखनात अनुभव सिन्हा यांच्याबरोबर तिचा वाटा आहे.

मराठी वाहिन्यांचा काळ १९९९ मध्ये अल्फा मराठीने सुरू होतो. हीच वाहिनी पुढे झी मराठी झाली. २००१ मध्ये आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली, केदार शिंदे दिग्दर्शित मालिका. शुभांगी गोखले यांची श्यामला टिपरे ही काऊ आणि राधिका वागले यांची वारसदार. मात्र ती गोंधळही घालते, चुकतेही, आणि स्वतःच्या चुकीवर हसायला मागेपुढे पाहत नाही. शुभांगी गोखले यांनी नंतर सब वाहिनीवरच्या ‘लापतागंज’मध्ये मिश्री मौसी केली. मराठी घरातून उत्तरेच्या कसब्यात गेलेली ही मावशी बाई होती, बाप्या नव्हे.

निर्मिती सावंत यांची ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ हा त्यानंतरचा टप्पा. नावापासूनच ती सुशिक्षित घराच्या बाहेरची आहे. जोडीला पंढरीनाथ कांबळे. गंगूबाईचे बोलणे, ठसका आणि भाबडेपणातला बेरकीपणा हा शहरी नाट्यगृहापेक्षा फडाच्या जवळचा आहे. निर्मिती सावंत यांनी हा बाज रंगभूमीवर ‘जाऊबाई जोरात’मध्ये पक्का केला होता. या दोन कामांनी एक गोष्ट घडवली : मालिकेच्या किंवा नाटकाच्या जाहिरातीत विनोदी अभिनेत्रीचा चेहरा एकटा, मोठा, मधोमध येऊ लागला. सोंगाड्याच्या नावावर सुपारी ठरत असे, तसे आता बाईच्या नावावर तिकीट जाऊ लागले.

२०१० च्या सुमारास स्किट आले. झी मराठीच्या ‘फू बाई फू’पासून सुरू झालेल्या या प्रकारात दहा-बारा मिनिटांचा प्रवेश, एकच नेपथ्य, समोर परीक्षक आणि प्रेक्षक. संहिता असते, पण तालमीत ती वाकवली जाते आणि चित्रीकरणाच्या वेळी ऐनवेळचे शब्द सुचतील तसे पडतात. बतावणीचे हे जवळचे नातलग म्हणायला हरकत नाही. लेखक, कलावंत आणि दिग्दर्शक मिळून ‘पंच’ कुठे बसतो ते शोधत बसतात. आठवड्याला नवे स्किट उभे करायचे म्हणजे पाठांतर आणि उत्स्फूर्तता या दोन्हींची कसोटी. विशाखा सुभेदार याच घडणीतल्या. या मंचावरच्या स्त्रियांना मालिकांतल्या नायिकांपेक्षा एक स्वातंत्र्य जास्त होते : सुंदर दिसण्याची सक्ती नव्हती. त्या बदल्यात एक भुर्दंडही होता. लठ्ठपणावरचे विनोद हे स्किटचे सर्वांत आळशी हत्यार ठरले आणि ते बहुतेक वेळा बायकांवरच चालवले गेले. विशाखा सुभेदार यांच्यासारख्या कलावंत तो विनोद स्वतः आधी करून समोरच्याच्या हातून काढून घेत. ही हुशारी खरी, पण तिची गरज पडावी हे काही भूषण नव्हे.

ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने तर थेट गावच उभे केले, थुकरटवाडी. निलेश साबळे यांच्या या कार्यक्रमात भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे आणि भारत गणेशपुरे यांच्या मुख्य चमूत स्त्री एकच, श्रेया बुगडे. आणि साडी नेसून उभे राहायला पुरुष नेहमीच तयार. भाऊ कदम आणि सागर कारंडे यांच्या स्त्रीभूमिका प्रचंड गाजल्या. गवळणीतली मावशी उपग्रहावरून घराघरांत आली ती अशी. श्रेया बुगडे यांनी या गर्दीत आपली जागा नकलेवर मिळवली. नामवंत अभिनेत्रींच्या लकबी उचलून त्या हशा पिकवत, आणि साडीतले पुरुष शेजारी असतानाही डोळे त्यांच्यावर खिळत. ऑक्टोबर २०१५ पासून प्रेक्षकमोजणीत ग्रामीण घरांचाही समावेश झाला. दौंड-शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर काय पाहिले जाते हे जाहिरातदारांच्या हिशेबात येऊ लागल्यावर गावरान बोली, यात्रा आणि भावकी यांना पडद्यावर भाव आला, हे ओघानेच.

ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठी ही वाहिनी आली आणि तिच्यावर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांच्या या कार्यक्रमाने पारडे काहीसे झुकवले. नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब, रसिका वेंगुर्लेकर, चेतना भट, ईशा डे, प्रियदर्शिनी इंदलकर अशी स्त्री कलावंतांची एवढी मोठी फळी मराठी विनोदात पूर्वी एका जागी आली नव्हती. विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले यांची जोडी सुरुवातीच्या काळाचा कणा होती. २०२२ मध्ये विशाखा सुभेदार यांनी कार्यक्रम सोडला आणि पुढे ‘शुभविवाह’ या मालिकेत त्या चक्क खलनायिका झाल्या. वनिता खरात यांनी २०१९ च्या ‘कबीर सिंग’मध्ये कामवालीची छोटी भूमिका केली होती. २०२१ च्या आरंभी देहाच्या आकारावरून होणाऱ्या हेटाळणीविरुद्ध त्यांनी केलेले छायाचित्रण चर्चेत आले. त्यांच्या शरीरावरच्या विनोदांना मिळालेले ते सर्वांत रोखठोक उत्तर होते. नम्रता संभेराव यांची लॉली ही या कार्यक्रमातून लोकांच्या तोंडी बसलेली व्यक्तिरेखा. त्यांचे बळ शब्दांपेक्षा देहबोलीत जास्त आहे. पायांची ठेवण, मानेचा झटका आणि वाक्य संपल्यावर चेहऱ्यावर रेंगाळणारा भाव यांतून माणूस उभा राहतो, मग संवाद साधा असला तरी चालतो.

यात्रेतल्या तमाशावर या सगळ्याचा परिणाम झाला तो उलट्या बाजूने. फडांच्या बतावणीत आता टीव्हीवरची स्किटे आणि तिथले शब्द सर्रास ऐकू येतात. गवळणीतली मावशी बहुतेक ठिकाणी अजून पुरुषच करतो.

टीव्हीवरून चित्रपटात जाण्याची वाट विनोदी अभिनेत्रींना पूर्वी सहायक भूमिकेपर्यंतच नेत असे. २०२१ मध्ये हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’त निर्मिती सावंत यांनी केलेली निर्मला ही त्या चित्रपटातल्या बायकांच्या मेळ्यातली सर्वांत लक्षात राहिलेली व्यक्तिरेखा ठरली. १ मे २०२४ रोजी परेश मोकाशी दिग्दर्शित ‘नाच गं घुमा’ प्रदर्शित झाला. लेखनात मधुगंधा कुलकर्णी यांचा वाटा होता. मालकीण मुक्ता बर्वे, आणि कामाला येणाऱ्या आशाताई नम्रता संभेराव. चित्रपटाच्या नावातली घुमा म्हणजे याच आशाताई.